फाटकावरची टाचणी

पार्डोंच्या फाटकातून जाताना आभार मानायचे नाहीत, हे मला चालता येऊ लागलं तेव्हाच शिकवलं गेलं होतं. हवापाण्यावर बोलायला हरकत नव्हती. गाय कशी आहे, कोंबड्या कशा आहेत, हेही चालायचं. पण पार्डोंनी स्वतः फाटक उघडून धरलं, तरी मान ताठ ठेवून पुढे जायचं. एरवी आमच्या घरात प्लीज किंवा थँक यू म्हणायला विसरलं तर त्या दिवशीचं पुडिंग बंद व्हायचं. त्या एका फाटकापाशी मात्र सभ्यपणा हाच गुन्हा होता.

"आभार कुणाचे मानतात?" बाबा विचारायचे. "ज्याचं काही घेतलं, त्याचे. आपण त्याचं काय घेतलं, नेस्टा? वाट सगळ्यांची आहे. तू थँक यू म्हणालीस की ती त्याची झाली."

आमचं घर टेकाडावर, गावापासून सुटं. चर्चला जायला दोन रस्ते. एक गाडीरस्ता, खाली उतरून पूल ओलांडून, चांगला दीड मैलाचा वळसा घालणारा. दुसरी ही पायवाट. आमच्या कुंपणापासून उतरायचं, छोटा सखल तुकडा ओलांडला की पार्डोंचं फाटक, मग त्यांच्या सफरचंदाच्या बागेच्या कडेनं बांधावर चढायचं, चरावरच्या फळ्यांवरून पलीकडे, की आलं चर्चचं मागचं आवार. अर्धा मैलसुद्धा नाही. आता माझ्याबरोबर दर गुरुवारी फिरायला येणाऱ्या मंडळींना ती फारच छोटी वाटते. निवृत्त माणसं, महागडे बूट, हातात दोन दोन काठ्या. ती विचारतात, एवढ्याशा वाटेसाठी भांडण कशाला व्हायला हवं होतं? मी म्हणते, दीड मैलाच्या वळशानं, डोक्यावर पाऊस घेऊन, लहान पोर कडेवर घेऊन गेला असतात म्हणजे कळलं असतं.

बाबा, विल्फ्रेड प्रीस, कौन्सिलच्या रस्त्यांवर काम करायचे. दिवसभर रस्त्याच्या कडेचे चर उपसून आलेला माणूस चहा झाला की पुन्हा टोपी घालायचा आणि त्या वाटेनं चर्चपर्यंत जाऊन परत यायचा. चर्चमध्ये काही काम नसायचं. ताप असला तरी जायचे. "वाटेवर कुणी चाललं नाही तर ती मरते," एवढंच म्हणायचे. आई काही बोलायची नाही. त्यांचं ताट झाकून शेगडीच्या कडेला ठेवायची.

ईनक पार्डो वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या आजोबांच्या काळात एक मोठा पूर आला होता, आणि आजोबांनी कुणाचं तरी प्रेत खालच्या कुरणातून नेऊ दिलं. तेव्हापासून ते कुरण सगळ्या गावाचं झालं. जत्रेची माणसं त्यातून जायची, दारूडे त्यातून जायचे, उभं गवत तुडवलं जायचं, आणि पार्डोंना काही बोलता येत नसे. कारण प्रेत ज्या वाटेनं गेलं ती वाट कायमची सगळ्यांची होते. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत होतं, जसं अपशकुन म्हणून हॉथॉर्नची फुलं घरात आणायची नाहीत हे माहीत होतं. आणि त्यावरचा उताराही सगळ्यांना माहीत होता. प्रेत नेणाऱ्यांनी जमीनमालकाची परवानगी मागायची आणि फाटकाच्या खांबात एक टाचणी टोचायची. तेवढं केलं की प्रेत गेलं तरी जमीन त्याची त्याच्याकडे राहते.

आमच्या बाबांची जीभ त्यांना गप्प बसू द्यायची नाही. त्या साली, बासष्टच्या ख्रिसमसच्या आधी, गुत्त्यात सगळ्यांसमोर ते पार्डोंना म्हणाले, "ईनक, मी मेलो ना, की मला तुझ्याच फाटकातून नेणार आहेत. टाचणीबिचणी काही नाही. मग लाव तुझं कुलूप."

"आधी मरून दाखव," पार्डो म्हणाले. सगळे हसले. बाबाही हसले.

मग तो हिवाळा आला. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेला, बर्फ पडायला लागलं ते पडतच राहिलं. नदी गोठली, नळ गोठले, पक्षी झाडावरून दगडासारखे खाली पडलेले सापडायचे. फेब्रुवारीच्या शेवटी बाबांना न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ते गेले. मी तेव्हा बावीस वर्षांची, वूस्टरला हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची; तार आली तशी निघून आले. पण पुरायचं कसं? जमीन लोखंडासारखी. कुदळ मारली की ठिणगी उडायची. सुतार गिटिन्स यांनी पेटी करून आणली, आणि बाबा आमच्या पुढच्या खोलीत राहिले. खिडक्या उघड्या, शेगडी बंद. आई रोज सकाळी त्या खोलीत जाऊन धूळ पुसायची.

मार्च लागला आणि एका रात्रीत वारा फिरला. कौलांवरून पाणी गळायला लागलं. पहिल्यांदा आम्हाला बरंच वाटलं. मग दोन गोष्टी लक्षात आल्या. जमीन आता खणता येत होती, पण सगळीकडचं बर्फ एकदम वितळून नदीकडे निघालं होतं. आणि पुढच्या खोलीतली थंडी गेली होती. ती खोली आता थांबू शकत नव्हती. हे आम्ही कुणी बोललो नाही. आईनं फक्त दाराखाली ओलं फडकं लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कबर खणणारा टोबायस पायवाटेनंच धावत आला. कमरेपर्यंत चिखल.

"खड्डा तयार आहे, मिसेस प्रीस. पण खालून पाणी येतंय. दोघंजण बादल्यांनी उपसतायत. अजून तास-दीड तास धरेल. त्यानंतर कड ढासळणार."

"आणि ढासळली तर?" काकांनी विचारलं. ॲम्ब्रोज काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ.

टोबायसनं आईकडे पाहिलं. "शेजारीच ते लहान आहे. तुम्हाला समजतंय ना."

ते लहान म्हणजे माझा भाऊ टेड. आठ महिन्यांचा असताना गेला, मी जन्मायच्या आधी. त्याच्या शेजारची जागा बाबांनी तेव्हाच आपल्यासाठी मागून ठेवली होती. कड ढासळली तर पाणी त्याच्यापर्यंत पोचणार होतं. आईनं टोपी घातली, टाचणी लावली आणि म्हणाली, "उचला."

गाडीरस्ता बघायचीही गरज नव्हती. आमच्या दारातून दिसत होतं, पुलाचा कठडासुद्धा पाण्याखाली गेला होता. राहिली एकच वाट.

सहा माणसांनी पेटी खांद्यावर घेतली. पुढे गिटिन्स आणि ॲम्ब्रोज काका, मागे रस्त्याच्या कामावरचे बाबांचे चार सोबती. त्यांच्या मागे आई आणि मी. पाऊस बारीक पण वाऱ्याबरोबर आडवा येत होता. चर्चची घंटा थांबून थांबून वाजत होती. सखल तुकड्यात घोट्याएवढं पाणी होतं. आम्ही ते ओलांडून चढावर आलो आणि पुढचे दोघं थांबले.

फाटकाला साखळी होती. साखळीच्या पलीकडे पार्डो उभे होते, डोक्यावर पोतं घेतलेलं, पायाशी कुत्री. हातात काही नव्हतं. फक्त एक हात फाटकाच्या वरच्या दांडीवर.

"ईनक, उघड," काका म्हणाले.

"उघडतो. आधी विचारा."

"काय विचारायचं?"

"तुला माहीत आहे काय ते. परवानगी मागा, खांबाला टाचणी लावा आणि खुशाल जा. मी अडवत नाही."

"हे अडवणं नाही तर काय आहे? मेलेला माणूस आहे, ईनक. शाळेत तुझ्याबरोबर एका बाकावर बसायचा."

"बसायचा. माझं सफरचंद खायचा आणि वर म्हणायचा, बाक सगळ्यांचा आहे."

मागच्या चौघांपैकी कुणीतरी फसकन हसलं आणि पेटी हलली. गिटिन्सनी शिवी हासडली.

"सगळ्या गावादेखत तो मला सांगून गेलाय," पार्डो म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. "मेल्यावर इथूनच जाणार म्हणाला. आता तुम्ही पूर आला म्हणून आलात की त्यानं सांगितलं म्हणून आलात, हे मला कसं कळणार?"

"खाली जाऊन पूल बघ म्हणजे कळेल."

"बघून आलोय. म्हणून तर उघडतो म्हणतोय. पण माझ्या आजोबांनी जे केलं ते मी करणार नाही. उद्या माझ्या बागेतून जत्रा जाईल तेव्हा तू येणारेस का राखायला?"

मला राहवलं नाही. मी आईला ओलांडून पुढे गेले.

"आम्ही विचारणार नाही," मी म्हणाले. "बाबांनी उभ्या आयुष्यात विचारलं नाही. त्यांची पेटी पुढ्यात असताना तर नाहीच."

पार्डोंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "तू बापावर गेलीस, पोरी. मी तुझ्या आईशी बोलतोय."

आईची नजर फाटकावर नव्हती, चर्चच्या मनोऱ्यावर होती.

"साखळी तोडू," मागून कुणीतरी म्हणालं. "सहाजण आहोत."

"तोडा," पार्डो म्हणाले. "मी मधून हलणार नाही, एवढं लक्षात ठेवा. विल्फ प्रीसला मारामारी करून पुरलं, असं मग जन्मभर ऐका."

"खांदा चाललाय माझा," गिटिन्स म्हणाले. "काय ते ठरवा. जमिनीवर मी ठेवणार नाही." पेटी वाटेत जमिनीवर टेकवत नाहीत आमच्याकडे. सगळ्यांना ते माहीत होतं. काकांच्या मानेची शीर दोरीसारखी दिसत होती.

मी मागे पाहिलं. ज्या सखल तुकड्यातून आम्ही आलो होतो तिथे आता गवताचं एक टोकही दिसत नव्हतं. करडं पाणी, आणि त्यात तरंगत चाललेली आमच्याच कुंपणाची एक फळी. परत जायचा रस्ता संपला होता. पुढे साखळी, मागे नदी, आणि सहा माणसांच्या खांद्यावर माझे बाबा.

तेवढ्यात घंटा थांबली.

आम्ही सगळे पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिलो. ठोका आला नाही. घंटा वाजवणारा माणूसही दोर सोडून बादली घ्यायला गेला, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

आईनं हात वर केला आणि टोपीतली टाचणी काढली. लांब, काळ्या मण्याची. वाऱ्यानं टोपी लगेच एका बाजूला कलली. ती खांबाकडे निघाली तसं मी तिचं मनगट धरलं.

"आई, नको. आता लावलीस तर संपलं. बाबा चाळीस वर्षं कशासाठी चालले?"

"ते चाळीस वर्षं चालले," आई हळू म्हणाली, "आणि मी चाळीस वर्षं ताट झाकून ठेवलं. मी कधी काही म्हटलं? आता टेडपाशी पाणी शिरतंय. हात सोड, नेस्टा."

मी हात सोडला.

ती पार्डोंच्या समोर उभी राहिली. दोघांच्या मध्ये फक्त फाटक. "मिस्टर पार्डो," ती म्हणाली, "तुमची परवानगी असेल तर माझ्या नवऱ्याला या वाटेनं नेते."

"आहे," पार्डो म्हणाले.

तिनं टाचणी खांबाला लावली. ओलं ओकचं लाकूड, टाचणी शिरेना. अंगठ्यानं दाबली तर वाकायला लागली. मग तिनं वाकून चिखलातला एक दगड उचलला आणि ठोकली. तीन-चार घाव. प्रत्येक घावाला काकांनी डोळे मिटले. पार्डोही खाली बघत होते. साखळी निघाली, फाटक उघडलं, आणि पेटी आत गेली. शेवटी आत जाताना आई थांबली.

"थँक यू, मिस्टर पार्डो," ती म्हणाली.

माझ्या कानांनी ते शब्द त्या जागी पहिल्यांदाच ऐकले. मला वाटलं, आता पेटीच्या आतून काहीतरी आवाज येईल.

बागेच्या कडेनं बांधावर चढलो. दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये हाताभर रुंदीची वाट, आणि तीही पायाखाली लोण्यासारखी. पार्डो कुत्रीला घेऊन आमच्या मागे येत होते. आम्ही वाट सोडून बागेत शिरत नाही ना, ते बघायला, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही तसंच वाटतं.

चरावर तीन फळ्या होत्या. त्यांची पलीकडची टोकं पाण्यानं उचलली होती. काका म्हणाले, "एकेक पाऊल. मी बोललो की टाका." पुढचे दोघं फळीवर गेले. मधले गेले. फळी दबली, पाणी वर आलं, आणि गिटिन्सांचा पाय फळीच्या कडेवरून सटकला. ते गुडघ्यावर आदळले. पेटीचा तो कोपरा खाली गेला. मला अजून आठवतं, पेटीच्या आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला, आणि आई, जिनं इतका वेळ तोंडातून आवाज काढला नव्हता, ती "विल्फ" म्हणाली. जणू ते दारातून बाहेर पडताना ठेचकाळले होते.

माझ्या शेजारून कुणीतरी धावत गेलं. पार्डोंनी सरळ चरात उडी मारली. पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं. त्यांनी कोपऱ्याखाली खांदा दिला आणि पेटी वर उचलली. क्षणभर सगळं स्थिर झालं.

"चला," ते म्हणाले. "काय बघताय?"

ते तसेच पाण्यातून पेटीबरोबर चालत पलीकडच्या काठावर चढले. गिटिन्सांचा घोटा मुरगळला होता. त्यांना आई आणि मी धरून घेऊन आलो. पार्डोंनी त्यांची जागा घेतली.

"ईनक," काका धापा टाकत म्हणाले, "तू काय करतोयस ते तुला कळतंय ना?"

"गप चाल."

खड्ड्याची एक कड फुगून आली होती. टोबायसनं तिला दाराची जुनी फळी लावून टेकू दिला होता आणि पाद्रीसाहेब स्वतः बाह्या सरसावून बादली घेऊन खाली उतरले होते. प्रार्थना दोन मिनिटांत आटोपली. पेटी खाली गेली तेव्हा मातीचा आवाज आला नाही, पाण्याचा आला. पण कड धरली. टेडच्या बाजूचं गवत जागचं हललं नाही. आई शेवटपर्यंत त्या गवताकडेच बघत होती.

पार्डो थोडे दूर, भिंतीपाशी उभे होते. पोतं कुठेतरी वाहून गेलं होतं. सगळं झाल्यावर ते निघून गेले.

पूर ओसरला. दुसऱ्या रविवारी मी फाटकापाशी जाऊन बघितलं. साखळी नव्हती. खांबात काळा मणी तसाच होता. मी आईला सांगितलं, फाटक उघडं आहे.

"असू दे," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन गाडीरस्त्यानं निघाली.

"आई, दीड मैल आहे."

"मी एकदा विचारून गेले, नेस्टा. विचारलं म्हणजे वाट त्यांची. आता दर खेपेला विचारत बसू का?"

असं ते वर्ष गेलं. पार्डो साखळी लावत नव्हते, कारण पेटी त्यांच्याच खांद्यावरून गेली होती, मालकानंच खांदा दिल्यावर टाचणीला अर्थ उरत नाही, आणि आता वाट आपली राहिली नाही, अशी त्यांची खात्री होती. आई त्या वाटेनं जात नव्हती, कारण टाचणी तिच्याच हातानं ठोकली होती आणि वाट आपली राहिली नाही, अशी तिची खात्री होती. दोघांपैकी कुणी दुसऱ्याला विचारलं नाही. फळ्यांवर शेवाळ आलं. बांधावर खाजकुयली वाढली. आईकडे बघून गावातली बाकीची माणसंही त्या वाटेनं जायला बिचकायला लागली. मी सुट्टीला यायची तेव्हा बाबांची टोपी खुंटीवर दिसायची, आणि खिडकीतून ती वाट हिरवी होत चाललेली दिसायची. चहा झाल्यावर त्या घरात बसवत नसे.

मग काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीतला, माणूस आला. कोणत्या पायवाटा सगळ्यांच्या, कोणत्या खासगी, हे आता कायमचं नकाशावर चढणार होतं. एकदा चढलं की चढलं, राहिलं की राहिलं. शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. आईनं तीच टोपी घातली, नवी टाचणी लावून.

"आई," मी वाटेत म्हणाले, "कुणी विचारलं तरच सांग."

"विचारायलाच बोलावलंय ना?"

काउंटीचा माणूस तरुण होता आणि त्याला जबर सर्दी झाली होती. एकेक वाट घेत तो आमच्या वाटेपाशी आला. ही वाट खासगी आहे, अशी पार्डोंनी पूर्वीच लिहून दिलेली हरकत त्याच्यासमोर होती. त्यानं त्यांना उभं केलं.

"हरकत होती," पार्डो म्हणाले. "आता काढतो. प्रेत गेलंय तिथून, आणि माझ्याच खांद्यावरून गेलंय. संपलं."

हॉलमध्ये कुजबुज झाली. काकांनी माझा हात दाबला. झालं, मला वाटलं, आता आई गप्प बसली तर वाट वाचली. आणि आई उठली.

"त्यांचं लिहून घेऊ नका," ती म्हणाली. "मी परवानगी मागितली होती. टाचणी अजून खांबात आहे. जाऊन बघा."

"खांदा माझा होता, मिसेस प्रीस," पार्डो म्हणाले.

"टाचणी आधीची आहे, मिस्टर पार्डो. तुमचा खांदा नंतरचा."

"तुम्हाला वाट हवीय की नको?"

"खोटं बोलून नको."

लोक हसायला लागले, पण मी हसू शकले नाही. बाबांची चाळीस वर्षं त्या दोन ताठ माणसांच्या मध्ये लोंबकळत होती. सर्दीवाल्या माणसानं रुमालात नाक शिंकरलं आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"माफ करा," तो म्हणाला, "पण प्रेताचा याच्याशी काही संबंध नाही. टाचणीचाही नाही. कायद्यात असं काहीही नाही. कधीच नव्हतं."

हॉल गार पडला. पाद्रीसाहेबांनी देव नाही म्हणून सांगितलं असतं तर यापेक्षा कमी धक्का बसला असता. मागच्या बाकावर कुणीतरी म्हातारं पुटपुटलं, "शहरातला आहे." आई उभीच होती. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. पूर, साखळी, तो दगड, ते तीन-चार घाव, आणि नंतरचं वर्षभराचं दीड मैल जाणं आणि दीड मैल येणं. सगळं कशासाठी, तर काही नाही.

"मला एकच सांगा," तो माणूस पुढे म्हणाला. "कायदा फक्त वहिवाट बघतो. वीस वर्षं लोक या वाटेनं रोजच्यासारखे जात होते का? लपून नव्हे, दांडगाईनं नव्हे, आणि परवानगी न मागता? एका दिवशी मागितली त्याचं सोडा. त्याच्या आधीचं सांगा."

"माझा भाऊ जायचा," काका म्हणाले. "रोज. चहा झाला की."

"ते आता नाहीत. मालकांनाच विचारतो. मिस्टर पार्डो, मिस्टर प्रीस तुमची परवानगी घेत होते का?"

पार्डो नुसतं हो म्हणाले असते तरी चाललं असतं. एकदा त्यानं बागेत भेटून विचारलं होतं, असं काहीही. बाबा उठून खोटं म्हणणार नव्हते. खांद्याचा काही उपयोग नाही हे आता त्यांना कळलं होतं. जमीन त्यांची त्यांना परत मिळायला फक्त एक शब्द पुरत होता. मी त्यांच्या जाड बोटांकडे बघत होते. बोटं टोपीची कड फिरवत होती. त्यांनी आईकडे पाहिलं. आईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत उभी होती, तिच्या टोपीवरचा नवा मणी हलत होता.

"कधीच नाही," पार्डो म्हणाले. "चाळीस वर्षांत एकदाही नाही. मी फाटक उघडून धरायचो, तर साधं थँक यूसुद्धा म्हणाला नाही तो माणूस."

सर्दीवाल्यानं मान हलवली, लाल पेन्सिल घेतली आणि आमच्या कुंपणापासून चर्चच्या मागच्या आवारापर्यंत एक छोटी रेघ ओढली. ती ओढायला त्याला शिंकेएवढाही वेळ लागला नाही.

घरी जाताना आई शाळेच्या दारात थांबली. डावीकडे गाडीरस्ता, उजवीकडे चर्च. ती उजवीकडे वळली. टेडपाशी आणि बाबांपाशी उभी राहिली, मग मागच्या आवारातून बांधाकडे निघाली. खाजकुयली बाजूला करत, शेवाळलेल्या फळ्यांवर माझा हात धरून. मी मागोमाग.

आम्ही कबरींपाशी थांबलो तेवढ्यात पार्डो पुढे होऊन फाटकापाशी पोचले होते. त्यांनी आम्हाला येताना पाहिलं आणि फाटक उघडून धरलं. आईनं खांबातल्या काळ्या मण्याकडे एकदा पाहिलं. हात लावला नाही. मग मान ताठ केली आणि त्यांच्यासमोरून सरळ बाहेर पडली.

"काही म्हणायचं नाही का, मिसेस प्रीस?" पार्डोंनी मागून विचारलं.

"नाही," आई न वळता म्हणाली.

"बरं," पार्डो म्हणाले आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.